मास्तर कुठल्या वाड्यावरचे?

डिचोली तालुक्यात दोडामार्गच्या सीमेला लागून असलेल्या लाटंबार्सेसारख्या गावात नवा शिक्षक रुजू झाला, की आठवडाभरात गावाला त्याची सगळी कुंडली कळलेली असते. ‘तुमी खंयचे?’ हा पहिला प्रश्न. मग आडनाव. नाईक किंवा गावकर असं उत्तर आलं तर त्यावरून काहीच ठरत नाही, कारण ही आडनावं गोव्यात अनेक जाती लावतात. म्हणून पुढचा प्रश्न वाड्याचा, आणि त्याच्या पुढचा कुलदेवाचा. जात कुणी थेट विचारत नाही, तशी वेळच येत नाही. तिकडे मास्तरांनीही हजेरीपट उघडलेला असतो. मुलांची नावं वाचता वाचता कोण कुठल्या घरातलं, कुणाच्या घरी पुस्तकं असतील, कुणाचा बाप संध्याकाळी दारू पिऊन येत असेल, याचा एक अंदाज त्यांच्या मनात बसत जातो. हा अंदाज त्यांनी मुद्दाम बांधलेला नसतो. लहानपणापासून ऐकलेल्या बोलण्यातून तो आपोआप तयार झालेला असतो आणि वर्गात पाऊल टाकायच्या आधीच तो वर्गात पोहोचतो.

गावाला शिक्षकाची जात माहीत, शिक्षकाला मुलांची माहीत, मुलांना एकमेकांची माहीत. ती कुणालाच नसते असं धरून चालतं ते फक्त शिक्षक घडवणारं प्रशिक्षण. तिथं छात्राध्यापक हा कुठूनही न आलेला, कुठल्याही घरात न वाढलेला, निव्वळ पाठ घेणारा माणूस असतो. बालमानसशास्त्र, मूल्यमापन, शैक्षणिक साधनं, वर्गव्यवस्थापन असं सगळं त्याला शिकवलं जातं. तो स्वतः गावात कुठं उभा आहे आणि तिथून त्याला मुलं कशी दिसतात, हे मात्र त्याला कुणी विचारत नाही.

विचारण्याची सोय नाही असं नव्हे. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेनं 2009 च्या अभ्यासक्रम आराखड्यात शिक्षकानं स्वतःच्या धारणा तपासाव्यात असा आग्रह धरला. 2014 च्या नियमांनंतर बी.एड. दोन वर्षांचं झालं तेव्हा ‘स्वतःला समजून घेणं’ हा एक स्वतंत्र भागच त्यात आला. प्राथमिक शिक्षकांच्या पदविकेतही तसा विषय आहे. हेतू उत्तम होता. पण या विषयाच्या वह्या चाळल्या तर काय सापडतं? माझी बलस्थानं, माझ्या उणिवा, वेळेचं नियोजन, ताणतणावावर योगासनं, माझ्या आयुष्यातला प्रेरणादायी प्रसंग. ‘मला राग लवकर येतो, तो मी आवरायला शिकेन’ असं वाक्य दर दुसऱ्या वहीत भेटतं. माणूस म्हणजे केवळ त्याचा स्वभाव, अशी समजूत या वह्यांच्या मुळाशी आहे. स्वभावाइतकाच माणसाला त्याचा वाडाही घडवतो. त्याच्या घरात कुणी कुठल्या दारानं यायचं, कुणाला पाणी वरून ओतायचं, हे त्यानं बालपणी पाहिलेलं असतं आणि ते राग आवरून जात नाही.

अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये हा प्रश्न वंशाच्या आणि कातडीच्या रंगाच्या निमित्तानं पुढं आला. पेगी मॅकिंटॉश या अमेरिकन अभ्यासक बाईंनी 1988 मध्ये, गोरी असल्यामुळे आपल्याला रोज काय काय आयतं मिळतं, ज्याच्यासाठी आपण काहीच केलेलं नाही, त्याची एक यादी लिहिली. दुकानात आपल्यावर कुणी पाळत ठेवत नाही, आपल्या मुलांच्या पुस्तकांत आपल्यासारखी माणसं दिसतात, अशा अगदी साध्या गोष्टी. पुढं शिक्षक-प्रशिक्षणात ही यादी फार वापरली गेली. त्याआधी वीस वर्षं, मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येच्या दुसऱ्याच दिवशी, आयोवा राज्यातल्या राइसव्हिल या लहानशा गावात जेन इलियट या शिक्षिकेनं तिसरीच्या वर्गाची डोळ्यांच्या रंगावरून विभागणी केली होती. निळ्या डोळ्यांची आणि तपकिरी डोळ्यांची मुलं आळीपाळीनं श्रेष्ठ ठरवली. ज्यांना कनिष्ठ म्हटलं त्यांचं कामकाज त्याच दिवशी ढासळलं. हा प्रयोग जगभर गाजला, आणि अजाण मुलांना असं दुखवण्याचा हक्क बाईंना कुणी दिला, यावरून वादही झाला. तो वाद मला रास्त वाटतो, त्याकडे मी पुढं येणारच आहे.

वंश आणि रंग हा आपला प्रश्न नव्हे, असं गोव्यात तरी म्हणता येणार नाही. पेडण्याच्या किनाऱ्यावर हरमल, मोरजी, मांद्रे इथली मुलं गोऱ्या परदेशी पाहुण्यांच्या सोबतीनंच लहानाची मोठी होतात. गोरा माणूस दिसला की त्याच्याशी इंग्रजीत दोन शब्द बोलायची चढाओढ लागते. 2013 च्या ऑक्टोबरअखेर पर्रा इथं एका नायजेरियन तरुणाचा खून झाला, त्याच्या देशबांधवांनी पर्वरीजवळ महामार्ग अडवला, आणि त्यानंतर काही दिवस गोव्यात काळ्या माणसांविषयी जे बोललं गेलं ते आठवून पाहावं. एका मंत्र्यानं त्यांना कर्करोगाची उपमा दिली आणि नंतर दिलगिरी व्यक्त केली. गावागावांत मात्र कुणी दिलगिरी व्यक्त केली नाही, कारण आपण काही वावगं बोललो असं कुणाला वाटलंच नव्हतं. पोर्तुगीज अमदानीत आफ्रिकेतून आणलेले गुलाम आणि मोझांबिकचे शिपाई या भूमीवर राहून गेले. त्यांच्यावरून पडलेलं ‘खाप्री’ हे नाव आजही काळ्यासावळ्या मुलाला चिडवण्यासाठी शाळेच्या अंगणात वापरलं जातं. शिक्षक ते ऐकतात आणि पोरांची मस्करी म्हणून सोडून देतात.

सावळ्या रंगाची शिक्षा मात्र मस्करीपाशी थांबत नाही. शाळेचं स्नेहसंमेलन असलं, की पाहुण्यांना फूल द्यायला कुठली मुलगी उभी करायची हे कसं ठरतं ते पाहावं. स्वागतगीताच्या पहिल्या रांगेत कोण, राधा कोण, भारतमाता कोण. कुणीही बाई ‘गोरी मुलगी हवी’ असं म्हणत नाहीत. त्या म्हणतात, ‘ती स्मार्ट आहे, नीटनेटकी आहे.’ वर्षानुवर्षं नीटनेटक्या ठरणाऱ्या मुलींचे फोटो एकापुढं एक ठेवले तर निवड कशाच्या आधारावर झाली हे सांगायला वेगळ्या अभ्यासाची गरज उरणार नाही.

तरीही डिचोली आणि पेडण्यात या सगळ्याच्या तळाशी जातच आहे. ती इथं इतकी शाबूत कशी राहिली, हे छात्राध्यापकाला माहीत असायला हवं. बारदेस, तिसवाडी, सासष्टी हे जुन्या काबिजादीचे तालुके सोळाव्या शतकात पोर्तुगीजांकडे गेले. डिचोली आणि सत्तरी 1780 च्या दशकात सावंतवाडीकरांकडून गेली, पेडणे 1788 मध्ये. तोवर धर्मांतराचा जोर ओसरला होता, आणि नव्या काबिजादीतल्या लोकांच्या धर्मात आणि रूढींत हात घालणार नाही असं नव्या राज्यकर्त्यांनी कबूल केलं होतं. 1853 मध्ये या तालुक्यांच्या चालीरीतींची संहिताच त्यांनी केली. आपण अभिमानानं सांगतो की आमची देवळं राहिली, शिगमा राहिला, मराठी राहिली. ते खरं आहे. पण त्याच करारानं अस्पृश्यताही राहिली, देवळाबाहेर उभं राहणारेही राहिले. आधी 1886 मध्ये आणि मग 1933 मध्ये देवस्थानांसाठी कायदे झाले आणि महाजनांच्या याद्या सरकारी कागदावर आल्या. कुठल्या देवस्थानचे महाजन कुठल्या कुळातले, याला छापील आधार मिळाला. मामलेदार आजही देवस्थानांचा प्रशासक असतो. पालखीला खांदा कुणी द्यायचा, पहिला नारळ कुणाचा, यावरून या दोन तालुक्यांत वाद होतात, प्रकरण मामलेदारापर्यंत, प्रसंगी कोर्टापर्यंत जातं. मान ही गोष्ट इथं हवेतली नाही. ती कागदावर आहे, आणि जो त्या कागदावर नाही त्यालाही ते पक्कं ठाऊक आहे.

जमिनीचंही असंच. भाटकाराच्या भाटात घर बांधून राहणारा मुंडकार आणि दुसऱ्याची शेती कसणारा कूळ ही गोव्याची दोन मोठी वास्तवं. गोवामुक्तीनंतर 1964 मध्ये कुळांचा आणि 1975 मध्ये मुंडकारांचा कायदा झाला. तरी घराखालची जमीन आपल्या नावावर व्हावी म्हणून मामलेदार कचेरीच्या पायऱ्या झिजवणारी माणसं अजून आहेत. वर्गातल्या एका बाकावर भाटकाराचा नातू आणि मागच्या बाकावर मुंडकाराची नात बसलेली असू शकते. मास्तर स्वतः यांपैकी एका घरातून आलेले असतात. त्यांना हे दिसतं का, एवढाच माझा प्रश्न.

शाळेचा इतिहासही याच वाटेनं गेला. मुक्तीपूर्वी खेड्यांतल्या मराठी शाळा पुष्कळदा देवळाच्या अग्रशाळेत किंवा एखाद्या सधन माणसाच्या सोप्यावर भरत. देवळाच्या आवारात ज्यांना पाऊल टाकता येत नव्हतं त्यांच्या मुलांना अक्षरं कुठून मिळणार? 1963 च्या डिसेंबरात भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री झाले आणि त्यांच्या सरकारनं गावोगाव प्राथमिक शाळा काढल्या. बहुजनांच्या दोन पिढ्या या मराठी शाळांत शिकल्या. आज डिचोलीत शिक्षकाच्या खुर्चीवर बसलेले बहुतेकजण त्याच शाळांची लेकरं आहेत. या इतिहासाची पुस्तकंही आहेत. ज्या कलावंत समाजातून गोमंतक मराठा समाज उभा राहिला, त्यातल्या राजाराम पैंगणकरांनी आपल्या आत्मचरित्राला ‘मी कोण?’ असं नाव दिलं. छात्राध्यापकांच्या आत्मपरीक्षणाच्या वहीवर छापण्यासारखं हे शीर्षक आहे, आणि ते पुस्तक त्यांच्या वाचनात यायला हवं. दादू मांद्रेकरांचं ‘बहिष्कृत गोमंतक’ तर सक्तीनं वाचायला द्यावं असं माझं मत आहे. गोव्याच्या दलित वाड्यांवर फिरून मराठीत लिहिलेलं हे पुस्तक ज्याला माहीत नाही, त्यानं गोव्यात शिकवायला उभं राहताना आपल्याला हा प्रदेश ठाऊक आहे असं समजू नये.

आता प्रत्यक्ष वर्गात येऊ. असं धरून चला की लाटंबार्सेतल्या एखाद्या प्राथमिक शाळेत एक छात्राध्यापिका तिसरीला परिसर अभ्यासाचा सराव पाठ घेते आहे. विषय गावातले व्यवसाय. तिनं रात्री जागून तक्ता केला आहे: सुतार, कुंभार, न्हावी, बुरूड, शिक्षक, डॉक्टर. पाठाचं टाचण नीट आहे, उद्दिष्टं लिहिलेली आहेत. ती मुलांना विचारते, ‘तुझे बाबा काय करतात?’ पहिला मुलगा सांगतो, बँकेत. दुसरी सांगते, खाणीवर ट्रक होता, आता नाही. तिसरा परप्रांतातून आलेल्या गवंड्याचा मुलगा, तो गप्प. चौथी मुलगी हळूच सांगते, ‘आजो सुपां विणता.’ वर्गातली पाच-सहा डोकी वळून तिच्याकडे पाहतात. बाईंच्या लक्षात येतं आणि त्या मनापासून म्हणतात, ‘अरे वा, किती छान! उद्या आजोबांना शाळेत बोलवूया.’ मग तक्त्यावरच्या बुरुडाच्या चित्राकडे बोट करतात. मुलगी मान खाली घालते. निरीक्षक मागं बसून लिहितात: फलकलेखन सुवाच्य, प्रश्नांचं वितरण समाधानकारक, विद्यार्थ्यांचा सहभाग चांगला.

बाईंचा हेतू चांगलाच होता. पण गोव्यात बांबूची सुपं आणि टोपल्या विणण्याचं काम कुठल्या समाजाचं मानलं जातं हे वर्गातल्या प्रत्येक मुलाला माहीत आहे, बाईंनाही. त्या मुलीच्या आजोबांचं कौतुक करताना त्यांनी तिची जात फळ्यावर मांडली, आणि शाबासकीच्या सुरात मांडल्यामुळे तिला तक्रार करायलाही जागा ठेवली नाही. ज्या बाईंच्या घरात कुणाच्याही धंद्यावरून कधी मान खाली गेली नाही, त्यांना ‘बाबा काय करतात’ हा प्रश्न अगदी साधा वाटतो. त्यांना वेगळं काय करता आलं असतं? एक सूप वर्गात आणायचं. बांबू कसा चिरतात, कामट्या कशा सोलतात, वीण कशी धरतात, आणि सूप नीट पाखडतं ते कोणत्या बाकामुळे, हे सगळ्या मुलांनी हातात घेऊन पाहायचं. काम शिकवायचं, बाप विचारायचा नाही. हा फरक वर्गात उभं राहून आपोआप सुचत नाही. त्यासाठी आधी स्वतःच्या घराकडे एकदा बाहेरून पाहिलेलं असावं लागतं.

अशा गोष्टींचा मुलांच्या डोक्यावर काय परिणाम होतो याचा पुरावा आहे. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत सहावी-सातवीच्या मुलांना कोडी सोडवायला दिली. जात जाहीर केली नाही तेव्हा खालच्या मानलेल्या जातींची मुलं वरच्या जातींच्या मुलांइतकीच कोडी सोडवत होती. सगळ्यांसमोर नाव आणि जात वाचून दाखवली, की त्याच मुलांची कामगिरी घसरली. हा अभ्यास 2004 मध्ये प्रसिद्ध झाला. मुलं तीच, कोडी तीच, बदललं होतं ते फक्त खोलीतल्या मोठ्या माणसाचं बोलणं.

दुसरा अभ्यास मला जास्त अस्वस्थ करतो. रेमा हॅना आणि ली लिंडन यांनी भारतातल्या शिक्षकांकडून उत्तरपत्रिका तपासून घेतल्या आणि वरच्या पानावरची जात चिठ्ठ्या टाकून ठरवली. खालची जात लिहिलेल्या पत्रिकांना थोडे कमी गुण पडले. हा पक्षपात वरच्या जातींच्या परीक्षकांपेक्षा खालच्या जातींतून आलेल्या परीक्षकांत अधिक दिसला. 2012 मध्ये प्रसिद्ध झालेला हा निष्कर्ष वाचून काही लोक खूश होतील, की पाहा, दोष आमचा नव्हे. त्यांनी खूश होऊ नये. ज्या समाजाला शतकानुशतकं तू कमी आहेस असं सांगितलं गेलं, त्याच्या शिकलेल्या मुलाच्याही मनात ते वाक्य मुरलं, एवढाच त्याचा अर्थ. पण त्यातून निघणारी गोष्ट आपल्या कामाची आहे: आत्मपरीक्षणाचा तास काही मोजक्या उच्चवर्णीय छात्राध्यापकांपुरता नाही.

डिचोली-पेडण्यात ही बाब फार महत्त्वाची आहे. इथले बहुसंख्य छात्राध्यापक बहुजन घरांतले. ‘आमकां कसलो मान? आमीच सोसलां’ असं ते म्हणतील, आणि त्यांच्या आजोबांपुरतं ते शंभर टक्के खरं असेल. पण त्यांच्या वर्गात आज कोण आहे? गावातली सुस्थितीतली घरं आपली मुलं म्हापशाच्या किंवा डिचोलीच्या इंग्रजी शाळेत धाडतात. सरकारी मराठी शाळेत उरतात ती गावातली गरीब मुलं, आणि त्यांच्या बरोबरीनं कर्नाटक, उत्तर प्रदेश, बिहार, झारखंडमधून आलेल्या मजुरांची मुलं. त्या मुलांना अंगणात ‘घाटी’ म्हटलं जातं, मग ती घाटावरची असोत वा नसोत. ज्या गावात आपल्या आजोबांना देवळाबाहेर उभं केलं गेलं, त्याच गावात ‘आम्ही गावचे, हे भायले’ असं म्हणण्याचा अधिकार नातवाला मिळालेला आहे. गवळी-धनगरांच्या मुलांची गोष्ट आणखी वेगळी. 2003 मध्ये गावडा, कुणबी आणि वेळीप यांना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला, धनगर मागं राहिले. राखीव जागेवर आलेला गावडा छात्राध्यापक आणि त्याच्या वर्गातला रानाकडेच्या घरातला धनगर मुलगा यांच्यात कोण वंचित आणि कोण सवलतीतला? उत्तर प्रश्नागणिक बदलतं. एकाच माणसाला एके ठिकाणी सोसावं लागतं आणि दुसऱ्या ठिकाणी आयतं मिळतं. हे दोन्ही एकाच वहीत लिहायला शिकवणं, हेच या तासाचं खरं काम.

हे शिकवायचं कसं, यावर माझा आग्रह आहे. पाश्चात्त्य प्रशिक्षणांत एक खेळ घेतात. सगळ्यांना रांगेत उभं करायचं आणि विधानं वाचायची: ‘तुमच्या घरी पुस्तकं असतील तर एक पाऊल पुढं या, शिक्षणासाठी कर्ज काढावं लागलं असेल तर एक पाऊल मागं जा.’ शेवटी कोण कुठं उभं आहे ते सगळ्यांनी पाहायचं. आपल्याकडच्या काही कार्यशाळांतही हा खेळ शिरला आहे. गोव्यासारख्या एवढ्याशा राज्यात, जिथं वर्गातल्या अर्ध्यांची अर्ध्यांशी कुठूनतरी ओळख निघते, तिथं हा खेळ खेळू नये. मागं उरते ती महाराची किंवा धनगराची मुलगी, आणि पुढं पोहोचलेल्यांच्या शिक्षणासाठी तिचा नमुना होतो. जेन इलियटवर घेतलेला आक्षेप इथंही लागू आहे: ज्यानं सोसलं त्यालाच पुन्हा उघडं पाडून इतरांना शहाणं करायचं नसतं. पुढं उभ्या असलेल्या मुलाकडूनही जाहीर कबुली घेऊ नये. लाज वाटलेला माणूस बचाव करतो, बदलत नाही.

म्हणून सुरुवात जागेपासून करावी, मनापासून नको. प्रत्येक छात्राध्यापकानं आपल्या गावाचा नकाशा काढावा. देऊळ कुठं, शाळा कुठं, डांबरी रस्ता आधी कुठल्या वाड्यावर गेला, नळ कुठं थांबला, मसण कोणत्या टोकाला. आपलं घर या नकाशावर कुठं पडतं. आपल्या घराच्या ओसरीवर कोण बसत होतं आणि कोण अंगणातच उभं राहत होतं. घराखालची जमीन कुणाच्या नावावर आहे; एक-चौदाचा उतारा काढून बघावा. घरातलं पहिलं शिकलेलं माणूस कोण, आणि ते कुठल्या शाळेत शिकलं. हे सगळं लिहावं ते फक्त स्वतःसाठी आणि एका विश्वासू मार्गदर्शकासाठी. वर्गात उघड करायचं ते टाचण. या पाठात मी कुणाला काय विचारलं, कुणाला पाणी भरायला पाठवलं, कुणाला झाडू दिला, कुणाची मस्करी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. वह्या खासगी राहतील आणि काम सगळ्यांसमोर तपासलं जाईल.

‘पण जातीचा विषय काढून तुम्ही जात वाढवताय’ हा आक्षेप नेहमी येतो, आणि तो घेणारी माणसं मनानं वाईट नसतात. त्यांना खरोखर वाटतं की नव्या पिढीला जात माहीत नाही. अशा माणसांनी मधल्या सुट्टीत मुलांचं बोलणं लक्ष देऊन ऐकावं. मुलांना जात घरातून शिकवली जातेच आहे. शाळेत तिच्याविषयी मौन पाळलं तर घरचा धडा तेवढा पक्का होतो.

शिक्षक कोण आहे हे तपासण्याचा हा विचार आपल्याकडे बाहेरून आलेला नाही. 1882 मध्ये हंटर आयोगापुढं दिलेल्या निवेदनात जोतीराव फुल्यांनी प्राथमिक शाळांचे शिक्षक शेतकरी वर्गांतून तयार करावेत असं मांडलं, कारण धार्मिक समजुतींमुळे अलिप्त राहणाऱ्या ब्राह्मण शिक्षकापेक्षा त्यांना त्या मुलांच्या गरजा समजतील आणि ते त्यांच्यात मिसळतील. शिक्षक कोण आहे यावर मुलाला काय मिळेल हे अवलंबून असतं, असं त्यांनी स्पष्ट म्हटलं. राजर्षी शाहूंनी 1919 मध्ये शिक्षण खात्याला हुकूम काढला: अस्पृश्य मुलांना इतरांसारखंच वागवायचं, ज्याला ते मान्य नसेल त्यानं राजीनामा द्यावा, त्याला पेन्शन मिळणार नाही. मन पालटण्याची वाट पाहायला त्यांना वेळ नव्हता, वर्गातलं वागणं त्यांनी आधी बदलायला लावलं. फुल्यांची अपेक्षा डिचोलीत आता बऱ्याच अंशी पुरी झाली आहे, शिक्षक बहुजनांतून आले. तेवढ्यानं पुरलं नाही, कारण वर्गातली मुलं बदलली आणि मिसळायला आता नवी माणसं समोर आहेत. शाहूंची शिस्त मात्र अजून आलेली नाही.

गोवा लहान आहे, आणि इथं ती शिस्त आणणं अवघड नाही. प्राथमिक शिक्षकांसाठी पर्वरीची जिल्हा शिक्षण आणि प्रशिक्षण संस्था, बी.एड.साठी फोंड्याचं आणि पणजीचं महाविद्यालय, अशा मोजक्याच ठिकाणी हे शिक्षक घडतात. सराव पाठाच्या निरीक्षण-तक्त्यात फलकलेखन आणि सहभाग यांच्या खाली एक रकाना वाढवता येईल: या तासात प्रश्न कुणाला विचारले, कुणाला विचारलेच नाहीत, आणि हलकी कामं कुणाच्या वाट्याला आली. निरीक्षकांनी तो भरावा आणि पाठ संपल्यावर छात्राध्यापकाशी त्यावर बोलावं. आत्मपरीक्षणाच्या वहीला गुण मुळीच देऊ नयेत. गुण असले की छात्राध्यापक निरीक्षकांना आवडेल तेच लिहितो, आणि आता नेमकं तेच चाललं आहे. आणि ही वही आधी प्राध्यापकांनी लिहावी. आपल्या शिक्षक-खोलीत कुठल्या वाड्यांवरचं कुणीच नाही, आणि गेल्या कित्येक वर्षांत ते कुणाच्या लक्षात का आलं नाही, हे त्यांनी पहिल्या पानावर मांडावं, आणि मग विद्यार्थ्यांच्या हाती कोऱ्या वह्या द्याव्यात.